लेक येईपर्यंत

आई,

आज आम्ही मोठीमायला, तुझ्या थोरल्या जावेला, दुपार कलेपर्यंत ठेवलं. माणूस गेलं की तासाच्या आत अग्नी द्यायचा, कोणाचीही वाट पाहायची नाही, हा नियम या गावात मीच फळ्यावर लिहिला होता आणि आज मीच तो मोडला. रोजनिशीत एवढं दोन ओळींत लिहून भागलं असतं. तसं लिहूनही पाहिलं. पण ते वाचताना वाटलं की हे सगळं ज्या दिवसापासून सुरू झालं तो दिवस तुझ्या जाण्याचा होता, आणि तुला सोडून ते सांगता येणार नाही. म्हणून आजचं पान तुझ्या नावानं लिहिते. तू जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुझ्या शेवटच्या वयाच्या जवळ येऊन ठेपलंय. बाबाही तुझ्यामागे फार दिवस राहिले नाहीत.

तुला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून आधी तेच सांगते. मेलेली माणसं उठायला लागली आहेत. हे वाक्य या वहीत पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी ते खोडलं होतं, मग पुन्हा लिहिलं, कारण खोडून ते खोटं होत नव्हतं. उन्हाळा संपता संपता शहरांकडे कसलासा ताप सुरू झाला. मोबाईल चालू होते तोवर शहरातले लोक त्यांना झॉम्बी म्हणायचे, सिनेमातला शब्द. आपल्याकडे तो कोणाच्या तोंडात बसला नाही. आपल्याकडे 'उठेल' म्हणतात. अमक्याचा बाप उठेल झाला, नदीच्या काठानं दोन उठेल फिरून राह्यले, असं. त्यांनी चावलं की माणूस मरतं, पण आता कोणीही कशानंही मेलं तरी उठतंच. सकाळी गेलेलं माणूस दुपार कलली की हलायला लागतं. त्यांना ओळख नसते. आवाज झाला की आवाजाकडे वळतात, मग तो माणसाचा असो की पत्र्याचा. हे मी ऐकीव लिहीत नाही, शाळेच्या गच्चीवरून पुष्कळदा पाहिलंय.

मी चिखलीला होते. कॉलेजात शिकवत होते, खोलीत एकटीच राहत होते. बाजार बंद झाला तेव्हा एका ओळखीच्या माणसाच्या ट्रॅक्टरमधून गावाकडे आले, आणि तेव्हापासून इथेच आहे. घरात कोणी राहत नाही. शाळेला भिंत आहे, हापसा आतच आहे, म्हणून उरलेलं गाव शाळेत राहतं. रस्त्याच्या कडेची तूर आम्ही शेंगांसकट उपटून टाकली, कारण त्या उंच तुरीत कोण चालतंय ते दिसत नाही. पलीकडे कापूस तसाच झाडावर फुटून आहे. तुला ते पाहवलं नसतं.

आपल्याकडे लेक आल्याशिवाय माणूस उचलत नाहीत, हे तुला मी काय सांगायचं. अग्नी मुलगा देतो, पण शेवटचं तोंड लेकीनं पाहायचं असतं. लेक लांब दिलेली असली तर बर्फाच्या लाद्या आणतात, अंगणात मांडव टाकतात, सगळं गाव काम सोडून बसतं आणि 'लेक निघाली का', 'कुठवर आली' एवढंच एकमेकांना विचारत राहतं. पुण्याला माझ्या मैत्रिणींना हे विचित्र वाटायचं. मला तेव्हा त्यात विचित्र काय ते कळायचं नाही. आता वाटतं, आपल्या भागात चावून जितके गेले त्याहून अधिक लोक लेकींची वाट पाहताना गेले असतील. हे मी मोजलेलं नाही. पण प्रत्येक गावाकडून सुरुवातीची जी बातमी यायची ती अशीच असायची.

आपल्या गावात पहिले गेले ते देवळासमोरचे दुकानदार, तू ज्यांच्याकडून खोबरं आणायचीस ते. बुलढाण्याला दवाखान्यात जाऊन आले आणि सकाळी गेले. त्यांची धाकटी लेक देऊळघाटला दिलेली. एस.टी. बंद, रस्त्यावर काय चाललंय ते कोणाला नीट ठाऊक नाही, तरी सगळे थांबले. ओसरीत बायका, अंगणात पुरुष, पोरं भिंतीवर. मी त्या घरात नव्हते, आपल्या दारात उभी होते, म्हणून जे सांगते ते नंतर ऐकलेलं आहे. ते उठून बसले तेव्हा कोणी पळालं नाही. त्यांची बायको म्हणाली, "मले वाटलंच होतं. लेकीसाठी थांबले ते." आणि तिनं पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. पुढचं मी आमच्या दारातून पाहिलं आणि ते या वहीत मागे आहे, ते तुला वाचून दाखवणार नाही. देऊळघाटची लेक आलीच नाही. तिचं काय झालं, आजवर कळलं नाही.

त्यानंतर जे उरले ते शाळेच्या व्हरांड्यात बसले आणि काय करायचं ते ठरवू लागले. आपल्या गल्लीतला ड्रायव्हर तुला आठवत असेल, तुझ्यावेळी एस.टी.त नुकताच लागला होता. आता निवृत्त झालाय, आणि पहार घेऊन उठेल थांबवायचं काम इथे तोच करतो. तो म्हणाला, "मॅडम, एस.टी. कोनासाठी थांबत नाही. तसाच नियम करून टाका." लोक थोडे हसले. हाच माणूस म्हाताऱ्या बायांसाठी फाट्यावर गाडी उभी ठेवायचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. मी खडू घेतला आणि लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, आणि नियम बरोबर होता. तो अजूनही बरोबर आहे, असंच मला वाटतं. आजच्या दिवसातलं हे सगळ्यात अवघड वाक्य आहे.

तुझ्या वेळी गाव माझ्यासाठी थांबलं होतं. मी पुण्याला एम.एस्सी.ला होते. सकाळी फोन आला की आईला बरं नाही, ये. पुणे ते जालना, तिथून जीप, फाट्यावरून पायी, आणि मी पोचले तेव्हा दिवे लागले होते. दिवसभर काय झालं ते नंतर ताईनं सांगितलं. ताई म्हणजे मोठीमायची लेक, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. साखरखेर्ड्याहून बर्फ आणला, तो दुपारपर्यंत पाणी होऊन अंगणातून वाहून गेला, मग पुन्हा आणला. ताई तुझ्या उशाशी निंबाचा डहाळा घेऊन बसली आणि मी येईपर्यंत उठली नाही. ऊन उतरायला लागलं तसे पुरुष चुळबुळ करू लागले. एक म्हातारे म्हणाले की दिवस मावळला तर उद्यावर जाईल, आता उचलावं. मोठीमाय दारात आडवी बसली होती. ती म्हणाली, "मावळू द्या त्याले. त्याले काय लेक येनार हाये?" मी आले, तुझं तोंड पाहिलं. चेहरा सुजला होता, गालाला निंबाचं पान चिकटलं होतं, ते ताईनं काढलं. एवढंच. पण ते पाहिलं नसतं तर तू कुठेतरी आहेस, कोणत्यातरी गाडीतून उतरशील, असं मला वाटत राहिलं असतं. या दिवसांत तसं वाटणं किती भयंकर झालं असतं, याचा विचार मी करते आणि मग मोठीमायचा विचार करते.

मोठीमायशी मी नेहमी नीट वागले असं नाही. तिचा मुलगा साप चावून गेला तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. त्याला आधी मांत्रिकाकडे नेलं होतं. दहाव्याला मी तिच्यासमोर बोलले की लगेच दवाखान्यात नेला असता तर वाचला असता. तिनं फक्त पदर तोंडावर घेतला. घरी आल्यावर तू चुलीशी बसली होतीस, भाकरी थापत होतीस, आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "तुह्यं बराबर असन. पण त्या बराबरचं ती आता काय करन?" मी वाद घातला. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचा मुलगा तरी वाचेल. तू तवा उतरवलास. त्या दिवशी तू मला वाढलं नाहीस, मी हातानं घेऊन खाल्लं, आणि बरेच दिवस मला वाटत राहिलं की तू अडाणीपणाची बाजू घेतलीस. आज तसं वाटत नाही. तू बरोबर होतीस असंही पक्कं वाटत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी तशाच राहिल्या आहेत.

दसऱ्यानंतर शिंपीकाका गेले. दम्यानं, साध्या मरणानं, अंथरुणात. त्यांची लेक साखरखेर्ड्याला दिलेली, आणि त्यांची तब्येत बिघडल्याचा निरोप तिकडे पोचला होता. ती निघाली असणार हे मला माहीत होतं. ड्रायव्हर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला की मॅडम, घंटाभर पाहावं का, जवळच तर हाये. मी फळ्याकडे बोट दाखवलं. आई, मी त्या बोटाचा फार विचार केलाय. नाही म्हणायला तोंडानं म्हणता आलं असतं. सरणाला लाकडं कमी होती, म्हणून न वेचलेल्या कपाशीच्या पराट्या टाकल्या होत्या, कापसासकट, आणि त्यांनी असा भडका घेतला की पाच पावलांवर उभं राहवेना. अशा वेळी ती आली. धापा टाकत होती. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "अंगात काय होतं त्याइच्या?" मी म्हटलं, सदरा होता. "कोनता?" मी म्हटलं, लक्षात नाही. ते खरं होतं. नंतर कळलं की दिवाळीला तिनं बापाला स्वतः एक सदरा शिवून दिला होता आणि ते तो जपून ठेवायचे, घालायचे नाहीत. तो शेवटी अंगात होता की नव्हता एवढंच तिला हवं होतं. ती परत गेली नाही, तिकडचं घर राहिलं नव्हतं. इथेच राहते, सगळ्यांचं फाटलं-तुटलं शिवते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

मोठीमायला गेल्या आठवड्यापासून ताप होता. ताई दुसरबीडला असते. गावोगाव मीठ घेऊन फिरणारा एक बैलगाडीवाला अजून आहे, त्याच्याजवळ निरोप दिला. काल मोठीमायनं मला जवळ बोलावलं. ताई कुठवर आली असन, विचारलं. मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "मले लेकीचं तोंड दाखवजा. मंग जाळा नाही तं पुरा." नियम तिला माहीत होता, फळा तिच्या अंथरुणासमोरच आहे, वाचता येत नसलं तरी त्यावर काय लिहिलंय ते पोराबाळांनाही पाठ आहे. मी हो म्हटलं नाही. तिचे पाय दाबत बसले. पहाटे उजाडताना माझ्याच हातून दोन घोट पाणी पिऊन ती गेली.

ड्रायव्हर पहार घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, थांबू या. बांधून ठेवू, खिचडी शिजवायच्या खोलीत, तिला गजांची खिडकी आहे, दार लोखंडी आहे, बाहेरून कडी लागते. ताईला खिडकीतून पाहता येईल. मी हे इतक्या सरळ सांगितलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं, कारण ही युक्ती काही आज सुचलेली नव्हती. ती कधीही सुचू शकली असती. ड्रायव्हर म्हणाला, "नियम तुमचाच हाये, मॅडम." मी म्हटलं, हो. मागे शिंपीकाकांची लेक उभी होती. तिनं विचारलं, "माह्या बापाच्या वेळेस हे खोली नव्हती का?"

होती, मी म्हटलं.

मला वाटलं ती आता ओरडेल, आणि तिनं ओरडावं असंच मला वाटत होतं. ती आत गेली, एक जुनी चादर घेऊन आली, तिच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि ड्रायव्हरच्या हातात दिल्या. तोंड बांधायला ती म्हणाली की सुती बरी, निसटत नाही. मग ती निघून गेली आणि दिवसभर आमच्याकडे फिरकली नाही. ड्रायव्हरनं मोठीमायला कासऱ्यानं खाटेला बांधलं, हळूहळू, मधेच दोर सैल करून, जणू तिला काचेल. बांधताना तो तिच्याशी बोलत होता. "मोठीमाय, माह्या गाडीत फुकट बसत होती तू, हाफ तिकीट बी काढलं नाही कधी," असं काहीबाही. मी कडी लावली.

मग आम्ही वाट पाहिली. ते कसं असतं ते मला माहीत नव्हतं, आई. तुझ्या वेळी मी दुसऱ्या टोकाला होते, जीपमध्ये. बसून राहणाऱ्यांना काय वाटतं ते आज कळलं. ऊन सरकत होतं आणि प्रत्येकजण त्या उन्हाकडे पाहत होता. एक-दोघांनी आपली पोरं उचलून शाळेच्या पलीकडच्या टोकाला नेली. कोणी मला थेट काही बोललं नाही, पण एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली की शिकलेल्यांचे नियम शिकलेल्यांच्या घरी पाहुने असतात. ते मला लागलं आणि लागायला हवं होतं. मी उठून फळ्यापाशी गेले. पुसावं का, असा विचार केला. पुसला नाही. पुसला तर उद्या एखाद्याची खाट नीट बांधली जाणार नाही, आणि ठेवला तर उद्या कोणाची तरी लेक राखेपाशी येईल. मी खडू हातात घेऊन उभी राहिले आणि काहीच न करता परत आले. दुपार कलली. आतून खाट वाजायला लागली.

ड्रायव्हर पहार घेऊन उठला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला की मॅडम, आता ते तोंड तिचं नाही राह्यलं, लेकीले काय दाखवता. मी हात सोडला नाही. तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला की बैलगाडी दिसतेय.

ताई उतरली तेव्हा मला ओळखू आली नाही, इतकी वाळली आहे. तिला काही सांगावं लागलं नाही. खाटेचा आवाज अंगणापर्यंत येत होता. मी तिला खिडकीपाशी नेलं, गजांना हात लावू नको म्हटलं. आत अंधार होता, पण छपरातून उन्हाचा एक पट्टा खाटेवर येत होता. तोंडावर पट्टी होती, तरी डोळे उघडे होते. ताई म्हणाली, "माय." आतलं डोकं हळूहळू वळलं आणि खिडकीकडे थांबलं. ताईच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज शांत होता. माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "वळखलं ना तिनं मले?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. "हाव," मी म्हटलं.

"मंग झालं," ताई म्हणाली. "आता नका ठेवू तिले."

पुढचं ड्रायव्हरनं दार उघडून आत जाऊन केलं. ताईनं स्वतः अग्नी दिला, मुलगा नव्हता म्हणून नाही, तिनंच मागितला म्हणून. अंधार पडायच्या आत सगळं आटोपलं. आता ती व्हरांड्यात बसून भाकरी खातेय, शिंपीकाकांची लेक तिच्याजवळ बसली आहे आणि दोघी काहीतरी बोलताहेत. मला इथून ऐकू येत नाही. मी गेले तर कदाचित थांबतील, म्हणून जात नाही.

हे पान कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील. तरी तुला लिहिलंय तर पूर्ण लिहायला हवं. खाट वाजायला लागल्यावर, बैलगाडी दिसायच्या आधी, सगळे मागे सरकले होते तेव्हा मी एकदा खिडकीशी जाऊन आले. हळूच हाक मारली, मोठीमाय. तेव्हाही ती अशीच वळली होती, आणि तेवढ्या वेळापुरतं मला ते ओळखणं खरं वाटलं होतं.